उमेमे किती वाजता जातं?

केनियाच्या सहलीआधीचे पंधरा दिवस बाकीची मंडळी टोप्या आणि दुर्बिणी खरेदी करत होती. मी मात्र प्लगमध्ये खोचायचं एक छोटं वीजमापक आणून रोज रात्री माझं सीपॅप त्याला जोडत होते आणि सकाळी उठून वहीत आकडे टिपत होते. साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, ती खोड जाणार कुठे?

सीपॅप म्हणजे झोपताना नाकावर मास्क लावून घशात हवेचा हलका दाब ठेवणारं यंत्र. माझा दाब नऊ सेंटीमीटर पाण्याचा, म्हणजे चहाच्या पेल्यात मावेल एवढ्याच उंचीच्या पाण्याचा. एवढ्या दाबाने घसा मिटत नाही. यंत्राशिवाय तो मिटतो. झोपेच्या तपासणीत माझा श्वास तासाला ३८ वेळा अडकत होता, आणि तीसच्या वर गेलं की डॉक्टर त्याला तीव्र म्हणतात. घोरण्याची लाज मला आयुष्यभर वाटली. पण भीती वाटायला हवी होती ती घोरणं मध्येच थांबतं त्या शांततेची, हे पंचावन्नाव्या वर्षी कळलं. नळीमुळे भाच्याने यंत्राचं नाव ‘सोंड’ ठेवलं, तेच घरात रुळलं.

तर वहीतले आकडे. हवा ओली करणारं भांडं आणि गरम नळी चालू ठेवली, तर रात्रीला दोनशेच्या वर वॉट-तास. दोन्ही बंद केली, तर सात तासांना ५२. आपल्या वीजबिलातलं एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास, म्हणजे माझ्या वीस रात्रींना मिळून जेमतेम एक युनिट! एवढ्याशा विजेसाठी मी पुढे काय काय केलं ते वाचून हसू आलं तर हसा.

भांडं घरीच ठेवलं, त्याला आणखी एक कारण होतं. त्यात डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून कडक बंदी आहे, आणि राष्ट्रीय उद्यानांत तर २०२० पासून पाण्याच्या वापरून फेकायच्या बाटल्याही चालत नाहीत. मास्क मी झिपच्या पिशवीत ठेवायची. त्याऐवजी जुन्या सुती साडीची नाडीची पिशवी शिवली.

वीज गेली तर यंत्र चालावं म्हणून घेतलेली बॅटरी बावीस हजारांची. ‘दोन घेऊ या’ असं मी म्हटलं होतं. ‘टूरवाले चोवीस तास वीज म्हणतायत ना, मग एकसुद्धा जास्त झाली,’ असं ह्यांचं म्हणणं. ह्यांनी त्याच आठवड्यात कॅमेऱ्याची नवी लेन्स घेतली होती, हे जाता जाता सांगून ठेवते.

पहिला दिवस

सप्टेंबर २०२४, पितृपक्ष चालू. ‘पितृपक्षात कसली सहल?’ असं जाऊबाईंनी विचारलंच. मुंबईहून पहाटेचं विमान, साधारण सहा तासांचं. दिवसाचा प्रवास असल्याने विमानात यंत्र लावायचा प्रश्न नव्हता, फक्त न्यायचं होतं. ‘ते मोठ्या बॅगेत टाका, हातातलं ओझं कमी होईल,’ असं आमच्या टूर मॅनेजरने दोनदा सुचवलं. मी ऐकलं नाही. मोठी बॅग हरवली तर कपडे विकत मिळतात, यंत्र मिळत नाही. आणि सुटी लिथियम बॅटरी सामानाच्या बॅगेत चालतच नाही. विमानाच्या पोटात ती पेटली तर तिथे पोहोचणार कोण?

तपासणीतल्या जवानाने बॅटरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. ‘कितने वॉट-अवर?’ दुकानदाराने मला २६,८०० एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास, एवढंच सांगितलं होतं. पण विमानवाले हिशेब वॉट-तासांत करतात. शंभरपर्यंत परवानगी लागत नाही, शंभर ते एकशेसाठला लागते, त्यापुढची नेताच येत नाही. २६.८ अँपिअर-तास गुणिले ३.६ व्होल्ट म्हणजे साडेशहाण्णवच्या आसपास. मी गुणाकार सांगायला लागले, त्यांनी शांतपणे बॅटरीच्या पाठीवरचं बारीक अक्षरातलं लेबल वाचलं आणि पुढे सोडलं. ते लेबल पुसलं जाऊ नये म्हणून मी घरीच त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली होती. डॉक्टरांचं पत्र, ई-टीएचा, म्हणजे केनियाच्या ऑनलाइन प्रवेश-परवानगीचा, कागद आणि पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड एकाच पाकिटात होतं. पत्र कोणी मागितलंच नाही.

नैरोबीच्या हॉटेलात गाठ पडली चौकोनी पिनांशी. तीन जाड चपट्या पिना. वरची पिन आत गेल्याशिवाय खालच्या दोन भोकांवरची झडप उघडतच नाही. ब्रिटनने हा प्लग १९४७ साली ठरवला. आपण त्याच वर्षी सुटलो, त्यामुळे आपल्याकडे त्यांचा जुना गोल पिनांचा प्लग राहिला. केनिया १९६३ पर्यंत त्यांच्याच हाताखाली, म्हणून तिथे नवा. हे मी ह्यांना सांगत होते तोवर ह्यांनी पेनाचं टोक वरच्या भोकात घालून झडप उघडायला सुरुवातही केली होती! घरात फ्यूज बांधताना जे चालतं ते २४० व्होल्टवर परक्या देशात चालवू नये.

मुंबईत घेतलेला ‘सगळ्या देशांत चालतो’ असा ॲडॉप्टर इतका ढिला, की सीपॅपचा जड चार्जर लावला की तो भिंतीवरून लोंबकळायचा. यंत्राचा स्वतःचा चार्जर १०० ते २४० व्होल्ट काहीही घेतो, म्हणजे व्होल्टेजची काळजीच नव्हती. प्रश्न नुसता पिनांचा. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या ‘डुका’मधून तिथलाच घट्ट बसणारा प्लग आणला आणि साताऱ्याहून नेलेल्या एक्स्टेंशन बोर्डाला लावला. दुकानाला डुका, गाडीला गारी, कोशिंबिरीला कचुंबारी. स्वाहिली भाषेत फिरताना मधूनच आपल्या ओसरीवर आल्यासारखं वाटतं. विजेला मात्र उमेमे. हा शब्द मी पहिल्याच दिवशी पाठ केला.

दुसरा आणि तिसरा दिवस

अंबोसेली राष्ट्रीय उद्यान. वाटेत धूळ, पोचल्यावर धूळ, जेवणाच्या ताटात धूळ. या नावाचा मासाई भाषेतला अर्थच खारट धूळ असा सांगतात. किलिमांजारो इथून दिसतो, पण उभा आहे टांझानियात. पहिल्या संध्याकाळी तो ढगातून बाहेर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला अचानक सगळाच्या सगळा समोर. ५,८९५ मीटर. गाडीत बोलणंच थांबलं. मग त्याच्यापुढून हत्तींची रांग गेली, पिल्लं आयांच्या पोटाखाली, सोंडेने माती अंगावर उडवत. जळगावचे काका मागच्या सीटवरून म्हणाले, ‘मॅडम, तुमची सोंड लहान पडली हो!’

म्हणजे गटाला कळलं होतं. मी तोवर विषय टाळत होते. फॉर्मवर ‘वैद्यकीय उपकरण’ एवढंच लिहिलं होतं, आणि ती काळी बॅग कॅमेऱ्याची आहे असा लोकांचा समज असेल तर असू दे म्हणून गप्प होते. बाईमाणूस घोरतं हे चारचौघांत कोण सांगणार? पण आदल्या रात्री शेजारच्या खोलीतल्या नागपूरच्या वहिनी बाम मागायला आल्या, त्या वेळी मी मास्क लावून बसले होते. त्यांनी दारातच ‘अगं बाई, ऑक्सिजन लागतो का हो?’ म्हणून विचारलं. ऑक्सिजन नाही, साधी हवाच, असं समजावून सांगितलं. सकाळपर्यंत बातमी न्याहारीच्या टेबलावर पोचली होती. त्यानंतर ‘रात्री सिंहाचा आवाज आला की मॅडमचा?’ हा विनोद मी सात दिवसांत अकरा वेळा ऐकला. मोजला आहे.

लॉजवर वीज होती, प्लग होता, झोप झाली. सांगण्यासारखी गोष्ट एवढीच, की तिसऱ्या दिवशी यंत्रामागचा फिल्टर काढला तर तो राखेत बुडवल्यासारखा निघाला. घरी महिना-महिना पांढरा राहतो. दोन जास्तीचे नेले होते, दोन्ही संपले. कुणी जाणार असेल तर चार न्या. दिवसा यंत्राचं तोंड कापडाने बांधून ठेवा.

चौथा दिवस

मोठा पल्ला. परत नैरोबीवरून रिफ्ट व्हॅली या प्रचंड खचदरीच्या कड्यापाशी थांबून खाली नैवाशा तळ्याला. या तळ्याजवळ ओल्कारिया आहे, जमिनीखालच्या वाफेवर वीज करणारं केंद्र. केनियाच्या विजेत सगळ्यांत मोठा वाटा या भूगर्भातल्या उष्णतेचा आहे. रस्त्यावरून लांबवर वाफेचे पांढरे लोट दिसले. मी ड्रायव्हरला थांबायला लावलं, बाकीच्यांना त्यात काय पाहायचं ते कळेना. ओल्कारियाचा पहिला संच १९८१ साली सुरू झाला. त्याच साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी सीपॅपचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध केला. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तरी त्या रात्री तिथल्या वाफेवरची वीज नाकात घेताना मला फार बरं वाटलं.

बाहेर हिरवळीवर पाणघोडे चरत होते. रात्री खोलीबाहेर एकट्याने पडायचं नाही, पहारेकरी, म्हणजे अस्कारी, सोबत घ्यायचा. आम्ही पडद्याच्या फटीतून पाहत होतो. एवढा अवाढव्य प्राणी आणि गवत कुरतडण्याचा आवाज मात्र गोठ्यातल्या गाईसारखा.

आणि इथेच घात झाला. बोर्डावर तीन जागा होत्या. एकीत यंत्र, दुसरीत फोन, तिसरीत बॅटरी. उद्यापासून मारा, म्हणजे मसाई मारा अभयारण्य, तिथे कॅम्प, म्हणून आदल्या रात्री बॅटरी गच्च भरून घ्यायची हे माझ्या वहीत लाल शाईने लिहिलेलं. मी झोपल्यावर ह्यांनी बॅटरीची पिन काढून तिथे कॅमेऱ्याचा चार्जर लावला. सकाळी परत जागच्या जागी लावून ठेवली, म्हणजे मला दिसायला सगळं ठीक.

पाचवा दिवस

नारोकपर्यंत रस्ता चांगला. मारात शिरलो ते दुपारच्या सोनेरी गवतात. न्युम्बूंचे, म्हणजे विल्डबीस्टचे, कळप इतके, की अर्ध्या तासाने आम्ही बोट दाखवणं सोडून दिलं. त्यावर इतरांनी भरपूर लिहिलं आहे. मी आपली उमेमेकडे वळते.

कॅम्पचे तंबू म्हणजे राजेशाही थाट. आत पलंग, मागे न्हाणीघर, रात्री अंथरुणात गरम पाण्याची पिशवी. पलंगाजवळ एक प्लग. मी आमच्या तंबूच्या अस्कारीला विचारलं, उमेमे किती वाजता जातं? तरुण मासाई मुलगा, लाल चौकड्यांची शाल, हातात काठी. तो हसून म्हणाला, ‘सा न्ने.’

माझ्याजवळ स्वाहिलीची छोटी पुस्तिका होती. सा म्हणजे वाजणे, न्ने म्हणजे चार. चार वाजता! म्हणजे पहाटे चारला जाणार, साडेपाचला तर आम्ही सफारीला उठणारच. दीड तास बॅटरीवर, काहीच नाही. मी निर्धास्त यंत्र प्लगला लावलं, जेवून आले, वाचत पडले.

दहाच्या ठोक्याला तंबू काळाकुट्ट.

स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून आणि रात्रीचे सूर्यास्तापासून मोजतात. विषुववृत्तावरच्या केनियात सूर्य वर्षभर साडेसहाच्या आगेमागे उगवतो, त्यामुळे सकाळचे सात म्हणजे ‘एक वाजला’. रात्रीचे दहा म्हणजे सा न्ने, चार. मुलगा अगदी बरोबर सांगत होता. आपल्या घटका-पळांचा हिशेबही सूर्योदयापासूनच चालायचा, हे मी शाळेत पोरांना शिकवलेलं! आणि टूरवाल्यांची ‘चोवीस तास वीज’? तीही खोटी नव्हती. चोवीस तास होती ती स्वागतकक्षात.

बॅटरी काढली. चार दिव्यांपैकी दोनच लागले. मी ह्यांच्याकडे पाहिलं. अंधारात चेहरा दिसला नाही, पण शांततेवरून समजलं. ‘कॅमेरा...’ एवढंच म्हणाले.

हिशेब असा. बॅटरीवर साडेशहाण्णव लिहिलेले, चोवीस व्होल्ट करताना होणारी गळती धरून हाती येतात ऐंशी. दोन दिवे म्हणजे साधारण चाळीस टक्के धरले, तर बत्तीस. यंत्र तासाला साडेसात खातं. सव्वाचार तास. पावणेअकराला मास्क लावला आणि तीनला पाणी डोक्यावरून गेल्यासारखी दचकून उठले. हवा बंद.

मास्क काढला. कुशीवर झोपून पाहिलं, पाठीला उशी लावून पाहिलं. डोळा लागला की घसा मिटायचा, ह्यांचा हात खांद्यावर यायचा. ते जागेच होते. तिसऱ्या खेपेला मी नाद सोडला आणि उठून बसले. तंबूच्या जाळीतून उशिरा उगवलेली चंद्रकोर दिसत होती. लांब कुठेतरी तरस ओरडलं, ऊऽऽप करून शेवटी वर जाणारा आवाज. मग जवळ. अस्कारीच्या बॅटरीचा, म्हणजे त्याच्या टॉर्चचा, उजेड तंबूवरून फिरून गेला. दोन तास आम्ही गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. इतक्या वर्षांत इतक्या निवांतपणे बोललो नव्हतो, असं लिहायला छान वाटलं असतं. प्रत्यक्षात मी चिडले होते आणि ते ओशाळले होते. दोघंही गप्प. पाच वाजता जनरेटर धडधडला.

सहावा दिवस

मारा नदीच्या काठी आमची गाडी अडीच तास उभी होती. पलीकडे हजारो न्युम्बू जमलेले, पुढे येत, मागे सरकत. ड्रायव्हरने निघताना गाडीतल्या इन्व्हर्टरला माझी बॅटरी लावून दिली होती, आणि मी प्राण्यांपेक्षा त्या हिरव्या दिव्याकडे पाहत होते. पण प्राण्यांजवळ थांबलं की इंजिन बंद करायचं, ही इथली रीत. इंजिन बंद की इन्व्हर्टर बंद. अडीच तासांत शून्य भर.

मग मी झोपले. बसल्या जागी, तोंड उघडं टाकून. जाग आली ती गाडीतल्या किंकाळ्यांनी. उड्या टाकून झाल्या होत्या, शेवटची शंभरएक जनावरं काठ चढत होती. जे पाहायला आम्ही साताऱ्याहून इतके हजार किलोमीटर आलो, ते मी फोटोत पाहिलं. ह्यांच्या नव्या लेन्सने काढलेल्या. फोटो उत्कृष्ट आले आहेत, नाइलाजाने सांगते.

दुपारी कॅम्पवर आले तर तंबूत वीज नाही. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहाही बंद असते म्हणे. आता मात्र मी लाज बाजूला ठेवली. बॅटरी, मास्क आणि यंत्र तिन्ही घेऊन सरळ मॅनेजरच्या टेबलावर मांडलं आणि सांगितलं, हे चाललं नाही तर झोपेत माझा श्वास अडकतो. चोवीस तास वगैरे मला नको. रात्री दोन वाजता या कॅम्पमध्ये कुठल्या प्लगला वीज असते, ते दाखवा.

तो क्षणभर गोंधळला, मग हसला. ‘जिकोनी.’ स्वयंपाकघर. तिथला मांसाचा फ्रीझर सौर पॅनेलच्या बॅटऱ्यांवर दिवसरात्र चालतो. फ्रीझरशेजारी एक मोकळा प्लग होता. आचाऱ्याने पिठाचा डबा सरकवून माझ्या बॅटरीला जागा करून दिली, वर फडकं झाकलं आणि दर तासाला दिवे मोजून मला बोटांवर खुणेने कळवत राहिला. दोन. तीन. रात्री जेवणानंतर ताटाबरोबर बॅटरी आली, चारही दिवे लागलेले. त्यांच्याकडच्या चपात्या आपल्यापेक्षा जाड आणि पदरदार. मी तीन खाल्ल्या.

त्या रात्री साडेदहा ते साडेपाच. सकाळी बॅटरीत एक दिवा उरला होता. तरस आलं होतं म्हणे, मला पत्ता नाही.

सातवा दिवस

नैरोबीला परत, थेट विमानतळ. ऑगस्ट २०२३ मध्ये जवळजवळ सगळ्या केनियाची वीज गेली होती आणि हाच विमानतळ अंधारात बुडाला होता, ते वाचून मी निघण्यापूर्वी एक टॉर्च घेतला होता. तो शेवटपर्यंत बॅगेतच राहिला.

तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे एक सत्तरीचे गुजराती आजोबा, इथलेच असावेत, मुलाशी अर्धं स्वाहिली अर्धं गुजराती चाललेलं. त्यांनी पट्ट्यावर एक काळी बॅग ठेवली. तिच्याकडे पाहिलं आणि मला हसूच आलं. मीही माझी ठेवली, तिच्या मागोमाग. त्यांनी वळून बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘कितना?’

‘नऊ,’ मी म्हटलं.

‘मारुं चौद,’ ते म्हणाले आणि पलीकडे जाऊन बूट घालत माझ्यासाठी थांबले. मारात तुम्ही कुठल्या कॅम्पला उतरता, ते मी विचारून घेतलं आणि वहीत लिहिलं.